पाटाची शेवटची कड

“प्लग काढला?” मामाजींनी विचारलं.

“काढला.”

“हातात दे.”

मी भिंतीजवळून प्लग वायरीसकट ओढत आणला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी पिना अंगठ्याने चाचपल्या, वायरीला हलका हिसका दिला आणि प्लग टेबलाच्या कडेवर, आपल्या पोटाला टेकेल असा ठेवून दिला. त्यानंतरच ते वाकले आणि टेबलाच्या मधल्या भोकाशी त्यांनी हात नेला.

नीळकंठ बावणे, माझे सासरे. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. नागभीडच्या आसपासच्या कितीतरी घरांना त्यांच्या हातची सागवानी दारं आहेत. घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात सगळी यंत्रं. मी लग्न होऊन आले तेव्हा शेडमधला भुसा झाडायला जायची. एकदा त्यांनी मला फळीवर पेन्सिलीने रेघ मारायला सांगितली. रेघ सरळ आली. मग दुसरी मारायला सांगितली. असं करत करत मी रंधा, मग करवत आणि शेवटी राऊटरवर आले. गावात लोक बोलले, मामाजींनी ऐकून घेतलं नाही. मशीनजवळ उभं राहताना बांगड्या नकोत, ओढणी नको, एवढाच त्यांचा नियम. मी बांगड्या काढून कोनाड्यात ठेवल्या की आत्याबाईंचा, म्हणजे सासूबाईंचा, चेहरा उतरायचा. पण त्याही काही बोलायच्या नाहीत.

मी सांगते आहे त्या वेळी मामाजी साठीच्या पुढे गेले होते. काचबिंदूने त्यांचा एक डोळा पुरता नेला होता आणि दुसरा बराचसा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, उरली आहे ती सांभाळा. ती किती उरली आहे हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की एकच उत्तर यायचं, “धूसर दिसते. कामापुरतं दिसते.”

काम मात्र त्यांनी सोडलं होतं, म्हणजे आम्ही सोडायला लावलं होतं. दिवसभर ते शेडबाहेरच्या बाजेवर बसत. कोणाची मदत घेणं त्यांना जमायचं नाही. मदत तर दूरच, ते कोणाला काही विचारतही नसत. वाटेत कशाला अडखळले तर ती वस्तू कोणी इथे ठेवली म्हणून रागवायचे. चहाने बोटं भाजली तर कप काठोकाठ भरला म्हणून बोलायचे. आम्ही ऐकून घ्यायचो.

अशात माझ्या धाकट्या नणंदेचं, नंदाचं, लग्न ठरलं. जेवताना मामाजींनी जाहीर केलं की लग्नाचे दोन पाट ते स्वतः करणार. त्यांच्या वडिलांनी त्यांच्या बहिणींसाठी केले होते, त्यांनी थोरल्या मुलीसाठी केले होते, नंदाचे दुसऱ्या कोणी करायचे नाहीत. गजेंद्र, माझा नवरा, म्हणाला की बाबा, मी करतो ना, तुम्ही शेजारी बसून सांगा. त्यावर ते म्हणाले, तू तुझ्या पोरीच्या लग्नात कर. विषय तिथेच थांबला. दोन दिवसांनी गजेंद्र दारं बसवायला गडचिरोलीकडे गेला, आणि त्याच संध्याकाळी मामाजींनी मला शेडमध्ये बोलावलं.

मी आधी नाही म्हटलं. ते शांतपणे म्हणाले की मग मी एकटाच करतो. ते तसं करणार हे मला माहीत होतं. म्हणून मी अटी घातल्या. मशीन मी लावणार. पाट धरायला मी मुठी बसवून देईन, त्या मुठींवरचे हात सुटता कामा नयेत. आणि प्लग माझ्या ताब्यात राहील. त्यांनी सगळ्याला हो म्हटलं. इतक्या पटकन, की मलाच चुकल्यासारखं वाटलं.

आत्याबाई शेडच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाल्या, “कन्यादानाले हात लागतात.” एवढंच बोलून त्या घरात गेल्या.

राऊटर म्हणजे लाकडाला खाचा पाडणारं, कडांना गोलाई देणारं यंत्र. ते हातात धरूनही चालवतात. मामाजींनी ते जाड टेबलाखाली उलटं टांगलं होतं, त्यामुळे मधल्या भोकातून फक्त कापणारा दांडा वर यायचा. त्याला आम्ही बीट म्हणतो. बोटाएवढं ते पोलाद एवढ्या वेगाने फिरतं की फिरताना दिसतच नाही, नुसती धूसर सावली दिसते. लाकूड सरकवत त्याच्याकडे न्यायचं असतं. लाकडाच्या मागे हात असतो. लाकूड संपलं की पुढे हातच असतो.

“बीट पुरं आत घाल,” मामाजी म्हणाले, “मग केसभर बाहेर ओढ आणि आवळ. तळाले टेकलेलं बीट तापलं की ढिलं होते.”

मी तसंच केलं. त्यांनी पान्याला स्वतः शेवटचा दाब दिला. मागची आधारपट्टी मी बीटाच्या टोकावरल्या छोट्या चाकाशी समपातळीत आणली आणि दोन्ही बाजूंनी शिकंज्याने घट्ट केली. पट्टीला वरून दोन दातेरी फळ्या लावल्या. त्यांचे लाकडी दात कंगव्यासारखे तिरपे असतात. ते लाकूड खाली दाबून धरतात, पुढे जाऊ देतात आणि मागे उसळू देत नाहीत. बीटावर पारदर्शक झाकण बसवलं. पाटाची वरची बाजू टेबलाकडे, खालची वर. जिथे नंतर पाटाचे पाय बसणार होते तिथे मी दोन जाड मुठी स्क्रूने घट्ट केल्या. भोकं पायांखाली झाकली जाणार होती.

“ट्यूब खाली घे,” ते म्हणाले. “बीटावर लख्ख उजेड पाहिजे.”

वरच्या वाशाला दोरीने बांधलेली ट्यूब मी खाली सोडली. ती त्यांच्या कपाळापुढे वीतभर अंतरावर लोंबत राहिली. मला डोळे बारीक करावे लागत होते. ते मान ताठ ठेवून टेबलाकडे बघत होते.

“आता बराबर,” ते म्हणाले.

आधी प्लग न लावता सराव केला. मशीन गप्प, बीट स्थिर, आणि मामाजी उजवीकडून डावीकडे पाट सरकवताहेत. बीट उलट्या अंगाने फिरतं, म्हणून लाकूड नेहमी त्याच्या विरुद्ध, उजवीकडून डावीकडेच न्यायचं. उलट नेलं तर बीट लाकूड हिसकावून घेतं आणि त्यामागे हातही ओढतं. हे ज्यांनी मला शिकवलं त्यांनाच मी ते पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तेही न चिडता ऐकत होते. प्रत्येक फेरीनंतर मी “प्लग बाहेर आहे” म्हणायची आणि मग ते झाकणाखाली बोट घालून कडेचा अंदाज घ्यायचे. त्यांचे हात पाटावरून असे जात होते की मला वाटलं, उगाच घाबरले मी.

चालू-बंदचं बटण टेबलाच्या पुढच्या पायाला होतं, गुडघ्याने दाबता येईल असं. ते त्यांच्याकडे. प्लग भिंतीशी, तो माझ्याकडे. असं ठरलं.

“लाव,” ते म्हणाले.

मी प्लग लावला. त्यांनी गुडघ्याने बटण दाबलं आणि शेड आवाजाने भरून गेली.

पहिल्या पाटाची पहिली कड. आडव्या रेषांची, म्हणजे टोकाची कड आधी घ्यायची, कारण तिथे कोपरा तुटण्याची भीती असते. तुटला तरी पुढची लांब कड घेताना तो साफ होतो. पाट पुढे सरकला, बारीक भुसा उडाला. अर्ध्यावर आल्यावर मला वाटलं की त्यांची डावी मूठ पट्टीपासून सुटते आहे. सुटत होती का नव्हती, आजही सांगता येणार नाही. मी धावत गेले आणि प्लग उपसला.

आवाज उतरत गेला आणि संपला. मामाजी तसेच उभे राहिले. मग त्यांनी विचारलं, प्लग काढला का. मी हो म्हटलं. त्यांनी झाकणाखाली बोट घालून बीट, लाकूड, पट्टी सगळं तपासलं. पाट पट्टीला चिकटलेलाच होता.

“कुंदा,” ते म्हणाले, “भेव वाटत असंल तर घरात जा. पण मधेच प्लग काढू नको. बीट ओरडते तवा मले कळते ते कुठं हाय. गप्प होत जाते तवा नाई कळत.”

मी पुन्हा काढणार नाही म्हटलं. ते बोलणं मी तेव्हा सरळ अर्थानेच घेतलं. मशीनवर आयुष्य काढलेला माणूस कानाने काम करतो, यात नवल काय होतं.

त्यानंतर पाट चालत राहिला. एका दमात सगळी गोलाई काढायची नाही, थोडं बीट वर करून पहिला हात, आणखी वर करून दुसरा. प्रत्येक वेळी ते बटण बंद करत, मी प्लग काढत होते, तसं सांगत होते, ते कड तपासत होते, मी बीट वर घेत होते. माझं अंग घामाने भिजलं होतं. बाहेर थंडी पडायला लागली होती. मला दर फेरीला फक्त त्यांची बोटं दिसायची, मुठींवर आवळलेली, पांढरी पडलेली. पाट कसा होतो आहे हे मी बघतच नव्हते.

पहिला पाट पूर्ण झाला तेव्हा त्यांनी तो उचलून गालाला लावला. चारी कडांवरून गाल फिरवला. मग दुसरा दे म्हणाले. मी म्हटलं, तो उद्या करू. म्हणाले, उद्या गजेंद्र येईल.

दुसरा पाट पहिल्यापेक्षा सोपा गेला. दोघांनाही लय सापडली होती. मी बोलायचं ते थोडक्यात बोलत होते, ते मान हलवत होते. तीन कडा झाल्या. चौथी, शेवटची लांब कड, शेवटचा हात. पाट दातेरी फळ्यांखालून पुढे गेला, बीटाला भिडला, आवाज जाड झाला, भुशाची धार सुरू झाली. कड अर्ध्यावर आली असेल.

आणि लाईट गेली.

त्या काळात लोडशेडिंग रोजचंच होतं, पण संध्याकाळी सहसा जात नसे, म्हणून तर आम्ही ती वेळ धरली होती. ट्यूब विझली. मशीनचा आवाज खाली खाली येत गेला आणि शांत झाला. दारातून आकाशाचा उरलासुरला राखी उजेड येत होता. त्यात मला मामाजींची नुसती आकृती दिसत होती, टेबलावर वाकलेली.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते बटण. ते चालूच होतं. आमच्याकडे लाईट सरळ जात नसे. जाई, येई, पुन्हा जाई, असं दोनतीनदा व्हायचं. आली की मशीन आपोआप सुरू होणार होतं. मी प्लगकडे वळले. तेवढ्यात मामाजी बोलले.

“काहून काढला?”

मी थांबले.

“तुले सांगतलं होतं ना,” ते म्हणाले. आवाजात राग होता, पण दाबलेला. “मधेच काढू नको म्हणून.”

मला क्षणभर कळेना ते काय म्हणताहेत. ट्यूब त्यांच्या कपाळापुढे होती. ती विझली होती. एवढी मोठी शेड काळी झाली होती. ज्याला धूसर दिसतं त्यालाही एवढं दिसलं असतं. ज्याला नुसता उजेड आणि अंधार कळतो त्यालाही कळलं असतं. आणि हा माणूस मला विचारत होता की मी प्लग का काढला.

त्यांना काहीच दिसत नव्हतं.

“जाऊ दे,” ते म्हणाले. “कुठवर आलं पाहू दे.”

आणि त्या राखी उजेडात मला दिसलं की त्यांचा उजवा हात मुठीवरून सुटला. तो पाटाच्या कडेवरून सरकत झाकणाकडे निघाला. संध्याकाळभर मी त्यांना तसं करू दिलं होतं. मशीन गप्प झालं की प्लग बाहेर असतो, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

प्लग भिंतीशी होता, मधे फळ्यांची चळत होती. मला तिथे पोचायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात तो हात बीटावर पोचला असता. बोलण्याइतकाही वेळ नव्हता, आणि बोलून ते थांबले असते की आधी कारण विचारलं असतं, कोण जाणे. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या पाया पडले होते, त्यांच्या हातून हत्यारं घेतली होती, पण त्यांना कधी धरलं नव्हतं. मी टेबलावर जवळजवळ पालथी पडले आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट पकडून मागे ओढलं.

त्यांनी हिसका दिला. ते माझ्याहून ताकदवान होते. “सोड,” म्हणाले. मी सोडलं नाही.

लाईट आली.

एकदम सगळं पांढरं झालं आणि बीट किंचाळलं. पाटाला एकाच हाताचा आधार होता. बीटाने तो पकडला आणि मागे फेकला. एक दातेरी फळी ताडकन तुटली. पाट माझ्या कोपराला लागून फळ्यांच्या चळतीवर आदळला. मशीन नुसतंच ओरडत राहिलं. मामाजींच्या गुडघ्याने सवयीने बटण शोधलं आणि दाबलं.

आवाज उतरत गेला. तो पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मी त्यांचं मनगट धरूनच होते. मग त्यांची बोटं पाहिली. पाचही होती. मधल्या बोटाचं नख कोपऱ्यातून तिरपं कापलं गेलं होतं, कात्रीने कापावं तसं. रक्ताचा थेंब नव्हता.

त्यांनी अंगठ्याने ते नख चाचपलं. पुन्हा चाचपलं.

“लाईट गेली होती?” त्यांनी विचारलं.

“हो.”

 मी जाऊन प्लग काढून आले. त्यांना टेबलापासून बाजूला येताना पाहिलं तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की ते चालत कसे होते. पाऊल आधी घासत होते, मग ठेवत होते. इतके दिवस मला ते म्हातारपण वाटलं होतं. ते ओंडक्यावर बसले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.

“मले काही दिसत नाई, कुंदा,” ते म्हणाले.

“कळलं.”

“कधी?”

“आत्ता.”

मग त्यांनी मला ते सांगितलं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. एका रात्री त्यांना जाग आली तेव्हा अंधार होता, म्हणून ते उजाडायची वाट बघत पडून राहिले. कोंबडा आरवला तेव्हा वाटलं, याचं वेळेचं भान सुटलंय. मग दुधाच्या कॅनचा खडखडाट ऐकू आला. मग घरावरून शाळेची पोरं गेली. तरीही ते उजाडायची वाट बघत होते. शेवटी नंदाने खिडकी उघडली, त्यांच्या पायावर ऊन आलं, नडगी गरम झाली, आणि तेव्हा त्यांना समजलं. ते उठून बसले आणि चहा आण म्हणाले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की संपलं, असं त्यांना वाटत होतं. काय संपलं ते त्यांना नीट मांडता आलं नाही. दोनदा वाक्य सुरू केलं आणि सोडून दिलं.

“कोणाले सांगू नको,” ते म्हणाले.

“मी नाही सांगणार,” मी म्हटलं. “तुम्ही सांगा.”

“कसं सांगू?”

एवढ्या वर्षांत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, ज्याचं उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं.  मी म्हटलं की लग्नात शे-दीडशे माणसं येतील, पाया पडतील, समोर उभी राहतील, तुम्ही सगळ्यांना अंदाजाने कसं तोंड देणार. आज माझं लक्ष तुमच्या हाताकडे होतं म्हणून. रोज कोण लक्ष ठेवणार, आणि कशाकडे, हे आम्हाला कळलं तर पाहिजे.

ते ऐकत होते. मग म्हणाले की कड राहिली. मी म्हटलं, मी घेते. मला वाटलं ते अडतील, पण त्यांनी नुसती मान हलवली. मी तुटलेल्या फळीच्या जागी दुसरी लावली, बीट पुन्हा आवळलं, पाट उचलला. कडेचा एक ढलपा उडाला होता. मी प्लग लावला आणि “लावला” म्हणाले. मामाजी ओंडक्यावरून उठले नाहीत. मी ती कड एकटीने पूर्ण केली. त्यांनी माझ्याकडे पाठ केली होती.

उडालेला ढलपा त्यांनी पुढे आठवडाभर बाजेवर बसून पॉलिश पेपरने घासला. त्या जागेची गोलाई त्यांनी इतकी हळूहळू मिळवत नेली की नंतर ती कुठे होती हे मलाही सापडेना. आणि लाईट जाऊन आली तरी आपोआप सुरू न होणारं बटण दुसऱ्याच दिवशी इलेक्ट्रिशियनने बसवलं. ते आधीच बसवायला हवं होतं. आजही शेडमध्ये कोणी नवीन शिकायला आलं की मी सगळ्यात आधी ते बटण दाखवते.

त्या संध्याकाळी शेड बंद करून आम्ही घराकडे निघालो. अंगण ओलांडायचं होतं. मामाजी नेहमी पुढे चालायचे, मी मागे. त्या दिवशी ते शेडच्या दारातच थांबले आणि म्हणाले, “तुह्या खांद्यावर हात ठेवतो.” त्यांनी हात ठेवला. तो जड होता आणि थंड पडला होता.

आत्याबाई ओसरीवर उभ्या होत्या. त्यांनी मामाजींचा हात माझ्या खांद्यावर पाहिला आणि पदर तोंडाशी नेला. मामाजी पायरीपाशी थांबले.

“मले दिसत नाई,” ते म्हणाले. “काहीच नाई.”

“माहीत हाय मले,” आत्याबाई म्हणाल्या.

“कवापासून?”

“दिवाळीपासून. तुमी माह्याकडे पाहून नाई बोलत. माह्या आवाजाकडे पाहून बोलता.”

 आत्याबाई पायरी उतरून आल्या, माझ्या खांद्यावरचा हात त्यांनी काढून आपल्या हातात घेतला आणि त्यांना आत नेलं. मी बाहेर अंगणातच थांबले. माझं कोपर तेव्हा कुठे दुखायला लागलं.

गजेंद्र आला तेव्हा त्याला मामाजींनीच सांगितलं. तो माझ्यावर खूप संतापला, मशीन का लावून दिलं म्हणून, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नंदा रडली. एकदोन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. मग कामं निघाली, पत्रिका आल्या, मांडव पडला.

लग्नात नवरा-नवरी त्या पाटांवर बसले. कन्यादानाच्या वेळी भटजींनी मामाजींचा हात धरून ओंजळीची जागा दाखवली. त्यांनी पाणी नीट सोडलं, एक थेंब इकडेतिकडे गेला नाही. मी त्यांच्या मागे बसले होते. विधी चालू असतानाच त्यांनी मान थोडी मागे वळवली.

“कुंदा,” ते हळूच म्हणाले, “नंदा कशी दिसते?”

मी वाकून त्यांच्या कानाशी सांगायला लागले. पिवळी साडी आहे. मुंडावळी एका बाजूला सरकली आहे, कोणाचं लक्ष नाही. हाताला मेंदी चांगली रंगली आहे. नाकातली नथ तिला टोचते आहे वाटतं, सारखी हात लावते. डोळे लाल आहेत, पण आत्ता हसते आहे, नवरदेवाने काहीतरी म्हटलं.

भटजी थांबून आमच्याकडे बघत होते. माणसंही बघत होती. मी गप्प झाले.

“अजून सांग,” मामाजी म्हणाले.